पाव किलो बर्फी आणि कारल्याचा रस

चहा घ्या आधी. आणि हसायचं नाही असं कबूल करा, तरच सांगते. हे मी अजून ऑफिसात कोणाला सांगितलेलं नाही, सांगायची लाजच वाटते.

मला सहावा महिना लागला होता. पोटात जुळी. सातव्यात असल्यासारखी मी पाचव्यातच दिसायला लागले होते, त्यामुळे सासूबाई नरखेडकडचं घर, संत्र्याची बाग, सगळं सासऱ्यांवर सोडून नागपूरला माझ्याजवळ येऊन राहिल्या. त्यांना मी आई म्हणते. प्रत्येक तपासणीला त्या सोबत.

त्या दिवशी शुगरची टेस्ट होती. उपाशीपोटी जायचं, ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि दोन तास बसायचं. मग रक्त घेतात. मधल्या वेळात साध्या पाण्याशिवाय काहीही तोंडात टाकायचं नाही. नर्सनं दोनदा बजावलं होतं.

तासभर बसले कशीबशी. मग आईंना म्हटलं, "जरा पाय मोकळे करून येते." दवाखान्याच्या खालीच मिठाईचं दुकान, आणि काचेत ताजी संत्रा बर्फी. आता दवाखान्याखाली मिठाईचं दुकान काढायचं, हा काय न्याय झाला?

एकच तुकडा खाणार होते, देवाशपथ. पण पोटात दोघं. एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही, असं आईनं करावं का? मग तिसरा माझा. मग पाव किलोचा पुडा रिकामा झाला. तोंड पुसून वर आले.

रिपोर्ट बघून डॉक्टर मॅडमनी चष्मा काढला. "शुगर खूपच जास्त आहे. मधे काही खाल्लं होतं का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईच बोलल्या, "नाही जी मॅडम. माह्यासंग होती. पाण्याचा घोटही मले इचारून पेली."

आता सांगा, मी काय बोलणार? गप्प बसले. तिथेच माती खाल्ली मी.

मॅडम म्हणाल्या, पंधरा दिवस पथ्य करा, मग परत टेस्ट. नाही उतरली तर इन्सुलिन. झालं, आईंनी पदर खोचला. घरातली साखर शेजारी गेली. नवऱ्याचा चहा फिका, त्यांचा स्वतःचाही फिका. चार चमचे साखर लागणारी ती बाई, डोळे मिटून तसाच पिऊन टाकायची. आणि मला रोज सकाळी ग्लासभर कारल्याचा रस.

"पी वं बाई. लेकरायसाठी पी."

मी प्यायचे. म्हटलं, हीच माझी शिक्षा.

पंधरा दिवसांनी शुगर अगदी बरोबर आली. येणारच होती. मॅडम म्हणाल्या, "पथ्य छान पाळलं." बाहेर आल्याबरोबर आईंनी फोन काढला. नात्यागोत्यात, शेजारीपाजारी, सगळीकडे एकच: "माह्या सुनेची शुगर कारल्यानं उतरली." कुणीतरी पहिल्यांदाच त्यांचा सल्ला विचारून राहिलं होतं. इतक्या खूश होत्या की खरं सांगायची माझी हिंमत होईना. उद्या सांगू म्हणत महिना गेला.

पुढच्या तपासणीला दवाखान्यात सुषमा भेटली. आईंच्या बहिणीची मुलगी, खापा गावची. तिला सहावा लागलेला, आणि तिची शुगर खरीखुरी, इन्सुलिन चालू.

"वहिनी, मी तं चार दिवसांपासून सुई बंदच केली," ती हसत म्हणाली. "मावशीनं सांगतलेला रसच पेऊन राहिली."

आईंचा चेहरा उतरला. "सुई काहून बंद केली वं? मी तं फक्त रस सांगतला होता."

"मंग? वहिनीची तं रसानंच उतरली ना?"

तोपर्यंत हा माझ्या तोंडाचा चोरटेपणा होता. आता त्यात तिचं बाळ आलं होतं.

"सुषमा, मला शुगर कधी नव्हतीच."

"अन् तो रिपोर्ट?"

"तो बर्फीचा होता."

बाकावरच्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. आईंनी हळूच विचारलं, "किती खाल्ली?"

"पाव किलो."

"पाव किलो," त्या म्हणाल्या. मी सुषमाला हाताला धरून आत नेलं आणि मॅडमसमोर सगळं परत सांगितलं. मॅडमनी तिला तपासलं, सुई लगेच सुरू केली. बाळ ठीक होतं. मॅडम मला काय बोलल्या ते राहू द्या, माझ्याच लायकीचं होतं.

आई घरी येऊन पलंगावर बसल्या आणि एकेकीला फोन लावायला लागल्या. "माह्यं चुकलं बाई. कारल्याच्या भरवशावर डॉक्टरचं औषध सोडू नको." प्रत्येकीला हेच. माझं नाव एकदाही नाही.

मी रडतच म्हटलं, "आई, माझं नाव सांगा ना."

"काहून? घरातली गोष्ट हाय."

त्यापेक्षा दोन लगावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेवटचा फोन वर्ध्याला, माझ्या मम्मीला. तिलाही शुगर, तीही रस पिऊन राहिली होती. ती काही ऐकेना. "असं कसं विहीणबाई? माझ्या पोरीची तर उतरली ना?"

आईंनी फोन स्पीकरवर टाकला आणि माझ्यासमोर धरला. "सांग."

सांगितलं. मग मम्मीचा बारीक आवाज आला, "माफ करा हो विहीणबाई. लहानपणापासून अशीच आहे. नैवेद्यसुद्धा देवाच्या आधी हीच खायची. मला वाटलं, लग्नानंतर सुधरेल."

एकतीस वर्षांची मी, बँकेत लोकांना फॉर्म नीट भरा म्हणून रागावणारी, मान खाली घालून उभी होते.

"राहू द्या हो विहीणबाई," आई म्हणाल्या. "दोन तं येऊनच राहिले आता. तिघायले संगंच वळण लावू."