बाटलेला मंच

मी मंचावरून उतरली अन् शाळेच्या चपराश्यानं, मी उभी होती तिथं, गोमूत्र शिंपडलं. साऱ्या गावासमोर. लोटा पाटलाच्या खुर्चीखाली भरूनच ठेवलेला होता. म्हणजे मी तोंड उघडायच्या आधीच ठरलं होतं.

राळेगावजवळचं आमचं खेडं. आम्ही बौद्ध झालो त्याले चार वर्सं झाली होती. मी आठवीत. संमेलनात 'थोर स्त्री' यावर भाषणं होती. बाकीच्या पोरी राण्याइवर बोलल्या. मी जपानच्या एका बाईवर बोलली. तिची गोष्ट आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी देल्लेल्या मासिकात होती. विशीतली पोरगी. भर सभेत उभी राह्यली. म्हणाली, पोरीइले घरात कोंडू नका, शिकवा. सरकारनं तिले जेलात टाकलं.

एवढ्यावरच अध्यक्ष पाटलानं मले थांबवलं. पान चघळून राह्यला होता. हनुवटीवर लाल लाळ.

"जपानची असो का महारवाड्यातली, तोंडाळ बाई घर बुडवते. उतर."

मी उतरली. अन् मंग तो लोटा.

मले रडू नाही आलं. किळस आली. याच पाटलाची नाळ माह्या आजीनं कापली होती. तेव्हा चालला आमचा हात. आता जनावराचा मूत पवित्र, अन् माहे घासून धुतलेले पाय विटाळ!

मी पुन्हा चढली. ओल्या फळ्याइवर.

"खाली ये," हेडमास्तर ओरडले.

"माहं भाषण अर्धं राह्यलं, गुरुजी."

पुरं केलं. एकही टाळी नाही.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी कागद पुढं सरकवला. "'माझे चुकले' असं लिही. मंगच वर्गात बस."

सोबत माय होती. तिले अक्षर येत नव्हतं. तिनं विचारलं, "काय लिवाले सांगून राह्यले?"

मी सांगितलं. मायनं तो कागद हेडमास्तरांकडे परत सरकवला.

"मंग नोको लिवू."

शाळेनं नाव काटलं. मायचं पाटलाकडचं काम सुटलं. दोन वर्सं मी तिच्यासोबत दुसऱ्याच्या वावरात कापूस येचला, अन् मंग राळेगावले पायी जाऊन शिकली.

आता मी बायाइच्या सभा घेते. शहानी माणसं येऊन सांगतात, "बाई, जरा सबुरीनं."

सबुरी माह्या आजीनं केली. मायनं केली, त्या कागदापर्यंत. मी नाही करणार.