न चाखलेलं मीठ

"तुझं मीठ तूच चाख," मास्तर म्हणाले, आणि अख्खा वर्ग हसला.

मी दाराशी उभा होतो. हातात चिनी मातीची वाटी. वाटीच्या तळाशी पांढरं मीठ. माझ्या हातचं. बोटं भाजली होती, पण त्याचं मला काही नव्हतं. इतका मी खुळ्यासारखा खूश होतो.

सोलापुरातल्या हायस्कुलात आमच्या महारवाड्यातून गेलेला मी पहिला. शेवटच्या वर्गात पोचलो होतो. मॅट्रिकच्या आधी शाळेची चाचणी असे आणि तिच्यात शास्त्राचा प्रयोग. तो जमला तरच मॅट्रिकला बसवत. नाहीतर घरी.

प्रयोग सोपा. वाळू, लोखंडाचा कीस आणि मीठ कालवून पुडीत द्यायचे. ती तिन्ही वेगळी करून दाखवायची. चुंबक फिरवून कीस उचलायचा. राहिलेल्यात पाणी घालून ढवळायचं, म्हणजे मीठ विरघळतं. नरसाळ्यात कागद ठेवून गाळलं की वाळू वर राहते. खाली उतरलेलं पाणी दिव्यावर आटवायचं, वाटीत मीठ उरतं. आणि ते मीठच, हे ठरवायचं कसं? मास्तर चिमूटभर जिभेवर ठेवत आणि म्हणत, "मीठ! पास." आमच्या शाळेची हीच रीत होती.

सगळी कृती मी घोकून पाठ केली होती. शेवटी मास्तरांची जीभ लागते, एवढंच ध्यानात आलं नाही. अक्कल गहाण पडली होती म्हणा.

मला टेबल नव्हतं. दाराशी एक फळी टाकलेली, ती माझी. चुंबक सगळ्यांच्या शेवटी मिळालं, म्हणजे मग धुवायचं एकदाच. पाण्याच्या पिंपाला हात लावायचा नाही. शिपाई वरून ओतणार, तेही त्याच्या सवडीनं. पेला पुढं धरून मी ताटकळत होतो. "घाई कशाला करतो रं? तुझ्यावाचून गाडी सुटती का?" शिपाई म्हणाला. पोरांचं पाणी आटत आलं तेव्हा माझं गाळून व्हायचं होतं. मीठ तडतडायला लागलं तशी फडकंही न शोधता मी गरम वाटी उचलली.

मास्तर एकेका टेबलाशी जाऊन चाखत होते. एकाच्या मिठात वाळू कचकचली. ती त्यांनी खिडकीबाहेर थुंकली आणि हसून त्यालाही पास केलं. मग ते माझ्यासमोर आले. त्यांनी वाटीत पाहिलं. हात अर्धा पुढं आला. परत गेला. मग ते वाक्य बोलले.

मास्तर वाईट नव्हते. हेच तर दुखणं. खादी घालायचे. त्या साली देशभर मिठाच्या सत्याग्रहाचंच बोलणं होतं. मीठ सगळ्यांचं आहे, समुद्र काय कुणाच्या बापाचा आहे, असं ते भरल्या डोळ्यांनी शिकवायचे. मी ते खरं मानलं होतं.

मी चाखलं. खारट. "मीठ आहे, मास्तर."

"तूच विद्यार्थी आणि तूच परीक्षक? तुझ्या सांगण्यावर मार्क कसे देऊ?"

पुन्हा हशा. मग मास्तरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. अंतर राखून उभे राहिले. आवाज मऊ झाला. "हे बघ, प्रयोग जमला नाही असं वर्गात येऊन म्हण. गरीब मुलगा म्हणून दया दाखवून पास करतो. कुणाचं काही बिघडणार नाही."

जमला नाही म्हणून टाकावं असं फार वाटलं, खोटं कशाला सांगू. पण वाटीत मीठ होतं. डोळ्यांसमोर होतं.

"जमलाय, मास्तर. मीठ निघालंय."

"मग नापास. आणि ती वाटी इथं ठेवू नकोस, घेऊन जा."

माझा बाप, आबा, होटगीच्या रेल्वे लायनीवर कामाला होता. माझ्या मॅट्रिकवर त्याचा जीव टांगलेला. सगळं ऐकून भडकला. "म्हनायचं की रं, न्हाय जमलं! तोंडाला भोक पडलं असतं व्हय?"

मी वाटी पुढं केली. आबानं बोट बुडवून चाखलं. पुन्हा चाखलं.

"मीठच हाय की," तो म्हणाला. "पर आपल्या जिभंला कोन इचारतंय?"

मी मॅट्रिक झालो नाही. आबाच्याच लायनीवर खडी फोडायला लागलो. त्या मिठानं पोट भरलं नाही, हे कबूल. आजही एखादा साहेब मऊ आवाजात म्हणतो, "चुकलं म्हण, सांभाळून घेतो," आणि म्हणून टाकावं असं तेव्हाही फार वाटतं. पण मी म्हणत नाही. म्हणणार नाही. मला नापास करायचं तर करा, तुमच्या हातात आहे. मात्र कारण तुमच्या तोंडानं सांगा. चाखत नाही, असं म्हणा. जमलं नाही, हे माझ्या तोंडून निघणार नाही.