नंबर लाइट जायच्या वेळेचा

सूड मी ज्याच्यावर उगवायचा, त्याच्यावर उगवलाच नाही. उगवला तो त्याच्या सुनेवर.

कालव्यातून शेतांना पाणी आणणाऱ्या चारीच्या वरच्या अंगाला माझ्या चुलतभावाचं रान, खालच्या अंगाला माझं. एका उन्हाळ्यात माझ्या नंबराचं, म्हणजे माझ्या पाळीचं पाणी त्याने चारी फोडून स्वतःच्या उसात घेतलं. माझा मका उभा करपला. जाब विचारला तर चारचौघांत म्हणाला, "पाणी काय इचारून वाहतंय व्हय?" लोक हसले. ते हसू मी विसरलो नाही.

पुढे गावच्या समाजमंदिरात कुणीतरी दिलेले जुने संगणक आले आणि बायांना शिकवायचं केंद्र सुरू झालं. बारामतीत थोडंफार शिकलेला म्हणून किल्ली माझ्याकडे. संगणक कमी, बाया जास्त. मग चारीसारखेच नंबर लावले. चुलतभावाच्या सुनेला लोणी देवकरला कारखान्याच्या गोदामात काम मिळणार होतं, संगणक चालवून दाखवला तर. तिचा नंबर मी दुपारी लाइट जाते त्या वेळेला टाकला. केंद्रात बॅटरी नव्हती.

"तात्या, येळ बदलून द्या की."

"नंबर म्हंजी नंबर. सासऱ्याला इचार, नंबराचा मान कसा ठेवत्यात."

बाया फिदीफिदी हसल्या. मला गार वाटलं. ती मात्र रोज यायची आणि काळ्या पडद्यापुढे बसून बंद बटणांवर बोटं फिरवायची. शेवटी चुलतभाऊ स्वतः आला. "पोरीला जरा लाइटीत बसव, राव."

"लाइट काय इचारून येती व्हय, आबा?"

त्याची मान खाली गेली. त्या दिवशी मी चवीने जेवलो.

कारखान्यातून ती रिकाम्या हाताने परतली. दुसऱ्या दिवशी केंद्रात सगळ्यांपुढे म्हणाली, "बटणं समदी पाठ हुती. पडद्यावरचा बाण तेवढा हलवता आला न्हाय. कधी बघितलाच नव्हता. काम दुसरीला गेलं." मग माझ्याकडे वळून, "भागलं का तात्या? का आता सासूबाईंचाबी नंबर लावायचा?"

कुणी हसलं नाही. तेव्हाही माझ्या मनात आधी चुलतभावाचं पडलेलं तोंडच आलं, हे खरं. तिचं तोंड दिसायला काही दिवस गेले.

मग एका सकाळी, लाइट असताना, बाया बसलेल्या असताना मी तिच्यापुढे उभा राहिलो.

"तुझा नंबर मी मुद्दाम लाइट जायच्या येळंला टाकला. राग तुझ्या सासऱ्यावर हुता, आजबी हाय. पर काम तुझं घालवलं. चुकलो, पोरी. माफ कर मला."