दुसऱ्या भागातली बारीक अक्षरं

हेमचंद्र गद्रे शारजातल्या हमरिया फ्री झोनमध्ये पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहेत. वय त्रेपन्न. एकटे बसून ते कधी व्हिडिओ गेम खेळलेले नाहीत. मुलगी ओवी आठ वर्षांची असताना घरात एक गेम आला. चेटकिणी, भुताळी जंगलं, हरवलेला राजमुकुट. त्यातल्या पात्रांना आवाज नव्हता. त्यांचं बोलणं पडद्यावर इंग्रजीत उमटायचं. ओवीला ते भराभर वाचता येत नसे. म्हणून ती खेळायची आणि गद्रे शेजारी बसून वाचून दाखवायचे, थेट मराठीत.

दर शनिवारी सकाळी दोन तास. दलदलीतली चेटकीण पुणेरी बोलायची, बुटका लोहार कोल्हापुरी. लोहाराचं नाव दोघांनी दगडू ठेवलं होतं. आई-बाबांना इंग्रजीत उत्तरं देणारी ओवी दगडूशी मात्र मराठीत भांडायची. आठवड्यात तिच्या तोंडून मराठी यायची ती तेवढीच.

यंदा, सात वर्षांनी, दुसरा भाग आला. लढाई सुटसुटीत झाली होती. जुन्या भागात कुंपणाला अडकणारा घोडा आता उडी मारत होता. आणि प्रत्येक पात्राला आवाज होता. दगडूने तोंड उघडलं ते अस्सल लंडनी इंग्रजीत.

"बाबा, ही डझन्ट टॉक लाइक दॅट!"

"आता तोच बोलतोय. मी काय करू?"

"हेमू, तुझी नोकरी गेली," स्वयंपाकघरातून अनुपमा, त्यांची बायको, म्हणाली.

तिघंही हसले. पुढचे तीन शनिवार ओवी हेडफोन लावून खेळली. गद्रे शेजारी चहाचा कप घेऊन बसत. वाचून दाखवायला आता काही नव्हतं.

चौथ्या शनिवारी ती एका बंद दरवाजापाशी अडली. खूण दगडूच्या पत्रात होती आणि पत्रांना आवाज दिलेला नव्हता. ओवीने हेडफोन काढले.

"बाबा, तू वाच ना."

अक्षरं मुंगीएवढी होती. गद्रे टीव्हीजवळ गेले, चष्मा वर-खाली केला.

"पाइपवरची केसाएवढी चीर दिसते मला. हे नाही दिसत."

"ओके, आय विल रीड." तिने एक ओळ इंग्रजीत वाचली आणि थांबली. "नो. दगडू असं नाही बोलत." पुन्हा सुरुवात केली. "आरं भावा, किल्ली म्या... बरीड म्हणजे?"

"पुरली."

"किल्ली म्या पुरली हाय. पुलाच्या खाली. यल्ला, पळ!"

"कोल्हापुरात 'चल'ला यल्ला म्हणत नाहीत."

"हा दुबईत राहून आलाय."

त्या खेळात अशी दोनशेवर पत्रं आहेत. आतापर्यंत सत्तर झाली. वाचते ओवी, अडलेला शब्द गद्रे पुरवतात.

गेल्या आठवड्यात गद्र्यांनी कारखान्यातल्या सवयीने गेम बनवणाऱ्या कंपनीला दोषांची यादी लिहिली. शेवट घाईत उरकला आहे. चेटकीण दोनच प्रसंगांत दिसते. नकाशा अवाढव्य, त्यात करण्यासारखं थोडं. असे अकरा मुद्दे आणि खाली मनापासून आभार. पाठवण्याआधी त्यांनी ती अनुपमाला दाखवली.

"आणि अक्षरं? ती तर तुला दिसतच नाहीत."

"ती पास," गद्रे म्हणाले आणि यादी पाठवून दिली.