उजव्या नहरेचं गेट

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही, आणि तिचा सख्खा भाऊ त्यात होता. म्हणजे बघा, घरातल्या घरात किती वर्षं दाबून ठेवलंय. आता सांगतो. नीट सांगता येईल का, माहीत नाही.

मी मास्तर होतो. नागभीडच्या पुढे, जंगलाच्या कडेला एक गाव आहे, तिथल्या शाळेत इतिहास शिकवायचो. पाहुणा आला की त्याला हिंडवून आणायची मला भारी हौस. गावाबाहेर महादेवाचं जुनं दगडी देऊळ आहे, त्यामागच्या शेतात पुरुषभर उंचीचे उभे दगड, आणि अलीकडे नहरेचा, म्हणजे कालव्याचा, दुफाटा. मोठी नहर तिथं दोन फाट्यांत वाटली जाते, डावा मोठा, उजवा लहान. दोन्हींवर लोखंडी गेट, फिरवायला चाक. पाहुणे पाणी बघून खूश व्हायचे. आणि मी असा बोलायचो, जणू ते सगळं मीच बांधलंय.

गेटवर पत्रूभाऊ होता. रोजंदारीवर. आम्ही दोघं एकाच विहारात बसायचो, शेजारी शेजारी. कोणाशी खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही, हे दर पौर्णिमेला दोघंही म्हणायचो. त्यानं ते पाळलं.

त्या वर्षी पाऊस ओढ देत होता. भाताचे रोवणे नुकतेच झालेले, म्हणून नहरेला पाणी सोडलेलं. माझा मेव्हणा नागपूरहून आला होता. मोठ्या पगाराचा, थोडं हसून बोलणारा. त्याच्यापुढं मला — काय म्हणू? — कोणीतरी असायचं होतं.

त्याला घेऊन दुफाट्यावर गेलो. देवळाला कुलूप होतं, किल्ली गावात. पत्रूभाऊ सायकल काढत म्हणाला, "मास्तर, मी किल्ली घेऊन येतो. उजव्या गेटाले हात नोका लावू. तिकडचा काठ पार कच्चा हाये, चार बोटंच पाणी ठेवलं मी."

स्पष्ट सांगितलं होतं त्यानं. मी मान डोलावली होती.

तो वळणापलीकडे गेला आणि मेव्हणा म्हणाला, "तुम्हाला उघडता येतं का हे?"

एवढंच. कोणी मला ढकललं नाही, शपथ घातली नाही. मी चाक फिरवलं. पाणी असं उसळलं की मेव्हणा मोबाईल काढून शूटिंग करू लागला. मी त्यात हसतोय. मग बंद करायला गेलो, तर चाक थोडं फिरून अडकलं. मी जोर लावला. हलेना. तेवढ्यात सायकल दिसली — आणि मी चाकापासून बाजूला झालो, पुढं जाऊन त्याला वाटेतूनच देवळाकडे वळवलं.

तेव्हाच सांगायला काय झालं होतं? "पत्रूभाऊ, चुकलं, ये इकडे." चार शब्द. त्याला चाकाची खोड माहीत होती, त्यानं बसवलं असतं. मेव्हणा बघत होता म्हणून मी गप्प राहिलो. खरं कारण एवढंच आहे, आणि ते इतकं क्षुद्र आहे की मला लिहितानाही लाज वाटते.

पत्रूभाऊनं देऊळ उघडलं. खांबांवरची नक्षी दाखवली, शेतातल्या दगडांपाशी नेलं. मधेच तो थांबला. "मास्तर, एक डाव पाणी पाहून येतो." मी म्हणालो, "बस ना पत्रूभाऊ, काय घाई आहे?" मला वाटलं, तो गेला तर त्याला कळेल. तासभर मी त्याला बोलण्यात गुंतवून ठेवलं. हो, गुंतवून ठेवलं. हाच शब्द आहे.

परत आलो तेव्हा उजवी नहर फुटली होती. चार घरांचा रोवणा वाहून गेला, वर वाळू बसली. एक म्हातारी बांधावर उभी राहून नुसती बघत होती. लोकांनी पत्रूभाऊची कॉलर धरली. तो एकच बोलत होता, "मी चार बोटंच ठेवलं होतं." माझ्याकडे त्यानं एकदाही बोट दाखवलं नाही. त्याच्या मनातच आलं नसावं.

दोन दिवसांनी पाटबंधारे खात्याचे साहेब आले. गावातला शिकलेला माणूस म्हणून मला बाजूला घेतलं. "तुम्ही होतात ना तिथं? पिऊन होता का तो?"

मी नाही म्हणू शकत होतो. माहीत नाही, असंही म्हणू शकत होतो. मी म्हणालो, "वास येत होता थोडा."

त्याचं काम गेलं. गावात तो दारुडा ठरला, विहारातही लोक त्याच्यापासून अंतरानं बसू लागले. मी मात्र माझ्या जागी, पुढच्या रांगेत. मेव्हण्याला फोन करून ते शूटिंग पुसायला लावलं. त्यानं काही विचारलं नाही. आमचं आजही बरं आहे.

दोनेक वर्षांनी आरमोरीच्या बाजारात पत्रूभाऊ भेटला. मिस्तरीच्या हाताखाली सिमेंटचा गारा कालवायचा, वाळला होता. मला पाहून त्याला आनंद झाला. बायकोला हाक मारून म्हणाला, "हे आपले मास्तर. साहेबानं यायले बलावलं होतं. यायनं माह्या बाजूनं सांगतलं असन, मले मालूम हाये."

ती माझ्याकडे बघत राहिली. बाजारात गर्दी होती, निघून जाता आलं असतं. खरंही सांगता आलं असतं.

मी म्हणालो, "सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही."

तिनं वाकून माझ्या पायाला हात लावला. मी लावू दिला.

पत्रूभाऊ अजून आरमोरीलाच असतो. माझ्या घरापासून एसटीनं जाता येतं. मी गेलो नाही.