भामाआत्याची शिकवण

कन्हेरीच्या भामाबाईंनी एका दूध डेअरीत बावीस वर्षं शेतकऱ्यांचे फोन घेतले. आता त्यांची भाची सुकन्या बारामती एमआयडीसीतल्या एका कंपनीत त्याच कामासाठी एआय एजंट तयार करत होती. फोन आला की एजंटनं हाताशी दिलेल्या दोन टूल्समधून, म्हणजे डॉक्टर पाठवणारं आणि रेतनवाला पाठवणारं, योग्य ते निवडायचं. पण गाय माजावर आलीय म्हटलं, तरी तो कृत्रिम रेतन करणाऱ्या रेतनवाल्याऐवजी डॉक्टरलाच धाडायचा. आठवडाभर सुकन्या पार वैतागून गेली होती.

रविवारी तिनं आत्याला दोन्ही टूल्सची वर्णनं वाचून दाखवली. दोन्हीकडं एकच ओळ होती, 'जनावरासाठी माणूस पाठवतो.'

भामाबाई हसल्या. "अगं, ह्यातनं त्याला काय कळणार? नवी पोरगी फोनवर बसली की मी सांगायची, गाय खात न्हाय, अंग तापलंय, तर डॉक्टर. माजावर आलीय, तर रेतनवाला, तितं डॉक्टर धाडायचा न्हाय. कळंना, तर आधी इचार. आन् गाव, मालकाचं नाव घेतल्याबिगर फोन ठेवू नको."

सुकन्यानं ते सगळं टूल्सच्या वर्णनात नीट लिहून काढलं. सोमवारी कोऱ्हाळ्याहून आलेला पहिलाच फोन बरोबर माणसाकडं गेला. तिनं लगेच आत्याला कळवलं. "आत्या, तू नसतीस तर मी अजून चाचपडतच बसले असते गं."

"मला तरी कुठं येत हुतं?" भामाबाई म्हणाल्या. "पयल्या दिवशी डेअरीतल्या आमच्या जुन्या मानसिंगतात्यांनी शेजारी बसवून सगळं सांगितलं. आज त्यांची लई आठवण आली बघ."