रिमोट

पालमच्या बसस्टँडसमोर डिश अँटेना विकणारा तो माणूस मला रोज मोठ्यानं ‘जय भीम, गुरुजी’ म्हणायचा. नवखं गिऱ्हाईक रिसिव्हर बघायला आलं की आधी रिमोट त्याच्या हातात द्यायचा. “दाबा बिनधास्त, काय बिघडत न्हाई.” मनसोक्त दाबून झाल्याशिवाय भावच सांगायचा नाही.

मी स्वस्तातला रिसिव्हर बघायला गेलो, तेव्हा रिमोट त्याच्याच मुठीत राहिला. मी हात पुढं केला.

“तुमी नुसतं चॅनल सांगा, मी दाबतो,” तो गोड हसला. “लय नाजूक चीज हाय, गुरुजी.”

माझं डोकंच फिरलं. “तुमच्या पोरीचा हात धरून मी बाराखडी गिरवून घेतली,” मी म्हणालो, “तवा काय बिघडलं का?”

त्याचं हसू तसंच राहिलं. रिमोट मात्र त्यानं खिशात घातला.